पाणी धरून किती?

सांडलं ते पाणी फार तर एक पेला असेल. मी सॅकमधली पाण्याची पिशवी बाहेर काढली, तिच्या तोंडावरची पट्टी सरकवली आणि मावशींनी कळशी कलती केली. ही पिशवी मऊ असते, स्वतः उभी राहत नाही. एका हातानं तोंड फाकवून धरायचं आणि दुसऱ्या हातानं बूड सांभाळायचं. माझे हात घामानं निसरडे झाले होते. पिशवी मुरगळली, तोंड मिटलं आणि कळशीची धार पिशवीच्या पाठीवरून घसरून सारवलेल्या ओट्यावर पडली. मी "अगं आई" म्हणाले. मावशी काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी कळशी सरळ केली, आपल्या दोन बोटांनी पिशवीचं तोंड ताणून धरलं आणि पुन्हा ओतायला लागल्या. पण दाराशी बसलेली त्यांची नात उठली. आठ-नऊ वर्षांची असेल. ओट्यावरून खाली उतरलेला ओघळ अंगणातून चालला होता. त्याच्या वाटेत तिनं तळहातानं माती ओढली, बोटाएवढा बांध घातला आणि ओघळ वळवून अंगणाच्या कडेला असलेल्या मिरचीच्या रोपापाशी नेला. मग हात फ्रॉकला पुसले आणि परत आपल्या जागी जाऊन बसली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

हे सगळं मिळून अर्धं मिनिट. त्याला आता दोन वर्षं झाली.

त्या मे महिन्यात मी आणि माझा धाकटा भाऊ रतनवाडीहून निघून, कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतच्या बाजूला उतरून, पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर जाणार होतो. ही वाट लोक करतात ती दिवाळीनंतर. तेव्हा ओढे वाहते असतात आणि गवत सोनेरी झालेलं असतं. मला मात्र सह्याद्री मे महिन्यात जास्त आवडतो, आणि हे मी लोकांना वर्षानुवर्षं पटवत आले आहे. पानं झडलेली असतात त्यामुळे डोंगराची हाडं दिसतात. कातळाचे थर एकावर एक मोजता येतात. करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर झालेल्या असतात आणि चीक लागून बोटं चिकट होतात. दुपारी तापलेल्या कातळाला एक भाजका वास येतो, तो मला दुसरीकडे कुठंच आलेला नाही. आणि रात्री उघड्यावर पडलं की कोकणाकडून वारा सुटतो, अंगावर साधी चादर पुरते. दिवसभराच्या तापानंतरचा तो वारा ज्यानं अंगावर घेतला आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल.

वजनाचं वेड मला गुडघ्यानं लावलं. चाळिशीनंतर उतारावर उजवा गुडघा बोलायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, स्वतःचं वजन कमी करा, पाठीवरचं करा, नाहीतर डोंगर कमी करा. तिसरं मला शक्य नव्हतं. मग मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा टेबलावर मांडला. पाच किलोपर्यंत वजन दाखवणारा, रवा-मैदा तोलायचा काटा. प्रत्येक वस्तू त्याच्यावर ठेवली आणि ग्रॅममध्ये लिहून काढली. अडीच किलोची जुनी सॅक गेली, ७८० ग्रॅमची आली. झोपायची फोमची चटई खांद्यापासून मांडीपर्यंत पुरेल एवढीच ठेवून उरलेली कापली. स्टीलचं ताट-वाटी जाऊन टायटॅनियमचा एकच मग आला. घोट्यापर्यंतचे जाड बूट सोडून हलके पळायचे बूट घेतले, कारण पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच किलोंएवढं थकवतं असं जाणते ट्रेकर सांगतात आणि तो अनुभव मला पहिल्याच चढावर आला. टूथब्रशचा दांडासुद्धा कापला, सात ग्रॅम वाचले. परदेशी सल्ला मी वाचला तसा पारखलाही. तिकडचे लोक सुती कपड्यांना हात लावू नका म्हणतात. तिकडच्या थंडीत ओला सुती सदरा जिवावर बेततो, म्हणून. आपल्या मे महिन्यात तोच घामानं भिजलेला सुती सदरा वारा लागला की अंग गार करतो. मी आईच्या जुन्या साडीची पूर्ण बाह्यांची ढगळ कुडती शिवून घेतली. १४० ग्रॅम. त्याहून चांगला उन्हाळी कपडा मला अजून दुकानात दिसलेला नाही.

या हिशेबाला एक शब्द आहे, बेस वेट. खाणं, पाणी, इंधन वगळून सॅकमध्ये जे उरतं त्याचं वजन. ते साडेचार किलोंच्या आत आलं की माणूस अल्ट्रालाइट झाला असं मानतात. उन्हाळी सह्याद्रीत तंबू लागत नाही, जाकीट लागत नाही, स्लीपिंग बॅग लागत नाही. माझं बेस वेट ३ किलो ६०० ग्रॅमवर आलं. त्या आकड्यानं मला जो आनंद दिला तो खरा होता, आजही त्याचं मोल मी कमी करणार नाही. कात्राबाईच्या चढ-उतारावर गुडघा एकदाही बोलला नाही. पहाटे साडेपाचला रतनवाडीतल्या अमृतेश्वराच्या देवळामागून निघालो तेव्हा मला पाठीवर काही आहे असंच वाटत नव्हतं.

बाबांची सॅक अजून आमच्या माळ्यावर आहे. कॅनव्हासची हॅवरसॅक, कातडी बक्कल, पाठीला घामाचा पांढरा नकाशा. बाबा गेल्यावर एकदा मी ती काट्यावर ठेवली, रिकामीच २ किलो ३०० भरली. तिच्यात ते तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, रॉकेलचा स्टोव्ह आणि एक काळं पडलेलं पातेलं घालून निघायचे. शिवाय हातात पाच लिटरचा कॅन. तो मुळात गोडेतेलाचा. कितीही धुतला तरी त्यातल्या पाण्याला शेंगदाण्याचा मंद वास यायचा, आणि लहानपणी माझ्या मनात गडावरच्या पाण्याची चव तीच होती. दुसरी एक खाकी बाटली होती, वरून जाड लोकरी कापड शिवलेली. ते कापड ओलं करून सॅकच्या बाहेर लटकवायचं, वाऱ्यानं वाळता वाळता आतलं पाणी गार व्हायचं. किती ओझं वाहायचे ही माणसं, असं मी काटा पुढ्यात घेऊन बसले की मनात म्हणायची. त्यात थोडी कीव असायची, हे आता मान्य करते.

खिंड चढताना झाडोरा आहे, सावली आहे. खरा जाच पलीकडे उतरून उघड्यावर आलो तेव्हा सुरू झाला. माझ्याकडे दोन लिटर पाणी होतं. मे महिन्यात माणसाला दिवसाला चार-पाच लिटर लागतं हे मला माहीत होतं. पण वाटेत वाडी लागते हेही माहीत होतं. माझ्या तक्त्यात 'पाणी' या ओळीपुढे मी लिहिलं होतं: वाडीत भरून घेणे. वजनाच्या रकान्यात शून्य. साडेदहाच्या सुमाराला पिशवीची प्यायची नळी ओढली तर पाण्याऐवजी सुर्रकन हवा आली आणि जिभेवर प्लास्टिकची चव. भावाची सॅक जुन्या पद्धतीची, जड. त्यात तीन बाटल्या होत्या. त्यानं न बोलता एक माझ्याकडे दिली. साडेअकराला तीही संपली आणि त्याच्यासुद्धा. जमिनीतून वाफ नव्हे, झळ येत होती. डोळ्यांना समोरचा अजोबाचा डोंगर हलताना दिसत होता. गूळ-दाणे तोंडात टाकले तर गिळायला लाळ सुटेना. भावाचं डोकं ठणकायला लागलं आणि त्याचा चेहरा तांबडा पडला तेव्हा मी मनातून घाबरले.

वाडी म्हणजे दहा-बारा घरं. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौलं. अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला, त्याचा तुरट वास सगळीकडे. एका घराच्या ओट्यावर आम्ही बसलोच, विचारायचंही सुचलं नाही. मावशी बाहेर आल्या, भावाकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. त्याला आधी तोंड धुवायला लावलं, मग एकेक घोट घ्यायला लावलं. मीठ-साखरेची पुडी माझ्याकडे होती, ती त्याच तांब्यात विरघळवली. अर्ध्या तासानं तो माणसात आला. मग मी, माझी पिशवी भरायची म्हणून उठले. पुढे काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच.

उन्हं कलेपर्यंत थांबू म्हणून थांबलो, पण मावशींनी जाऊ दिलं नाही. "हा पोरगा आज चालायचा न्हाई," म्हणाल्या. रात्री नागलीची भाकरी, सुकटाचं कालवण आणि कच्चा कांदा. जेवणाचे पैसे दिले ते त्यांनी संकोचत का होईना घेतले. मी वर थोडे जास्त ठेवले आणि पाण्याचे म्हटलं, तर तेवढे उचलून माझ्या हातात परत दिले. "पान्याचं कुठं पैसं घेत्यात बाई?"

या उत्तरानं सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. रात्री अंगणात पडले तेव्हा डोळ्यांसमोर तो बोटाएवढा मातीचा बांध येत राहिला. अंगणाच्या टोकाला नळाचा खांब होता, त्याला तोटीही होती. तिच्यावर कुणीतरी विळा अडकवून ठेवला होता. मग मला विचारावंसं वाटलं तो प्रश्न मी दुपारीच विचारायला हवा होता. आतून भांडी आवरल्याचा आवाज येत होता, मी विचारलं, मावशी, पाणी कुठून आणता? "झिऱ्यावरून. पहाटं जाते. येती का?"

चार वाजता निघालो. मी, मावशी आणि ती नात. माझ्या कपाळावरची बॅटरी नातीला हवी होती, तिनं ती पट्टा दोनदा ओढून आपल्या डोक्याला बसवली आणि पुढे झाली. वाट उताराची, ओढ्याच्या कोरड्या पात्रात जाणारी. पोचलो तर तिथे दोन बायका आधीच बसलेल्या, आणि तीन रिकामे हंडे माणसांसारखे ओळीत ठेवलेले. माणूस घरी गेलं तरी हंड्यानं नंबर धरून ठेवायचा. झिरा म्हणजे परातीएवढा खळगा. मागे कातळ, आणि त्या कातळाच्या दोन थरांच्या मधोमध हातभर रुंदीचा तांबूस, भुसभुशीत पट्टा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. दोन थरांमध्ये कुठे कुठे अशी लाल माती अडकून राहिली. वरून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट कातळाशी अडतं आणि अशा सांध्यातून बाहेर येतं. पुस्तकात वाचलेलं हे मी त्या पहाटे पहिल्यांदा हात लावून पाहिलं. बोट टेकवलं की गार ओल लागायची, दिसायचं काहीच नाही. या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात पाऊस कोसळतो तो मिलिमीटरमध्ये मोजला तर हजारांच्या घरात जातो, आणि कातळावरून तसाच धावत खाली निघून जातो. डोंगराच्या पलीकडे रतनवाडीला १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी येऊन टेकलेलं आहे, आदल्या दिवशी पहाटे आम्ही त्याच्या काठानंच आलो होतो. इथे परातीएवढा खळगा.

त्यात हंडा बुडत नाही, कळशीसुद्धा बुडत नाही. वाटीनं भरायचं. हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं, त्यावर एकेक वाटी ओतायची. आठ-दहा वाट्यांनी तळ लागतो. मग थांबायचं. पाणी पुन्हा जमेपर्यंत मावशी खळग्यातला एखादा खडा बाजूला करायच्या, फडक्यावरचा गाळ झटकायच्या, शेजारणीशी कुणाच्या तरी लग्नाविषयी बोलायच्या. घाई कुणालाच नव्हती, कारण घाई करून पाणी लवकर येत नाही. मला सवयीनं मोजायचा चाळा. मी वाट्या मोजल्या. एक हंडा एकशे चार वाट्यांचा झाला. वाटी साधारण दीडशे मिलिलिटरची धरली तर साडेपंधरा लिटर. म्हणजे ओट्यावर सांडलं ते सव्वा-दीड वाटी.

हंडा निळ्या प्लास्टिकचा होता. माझी नजर त्याच्यावर आहे हे मावशींच्या लक्षात आलं. त्यांच्या सासूचा तांब्याचा हंडा होता, म्हणाल्या, चार-पाच किलो रिकामाच. लग्न होऊन आल्या तेव्हा तोच डोक्यावर. मग जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा आला. आणि आता हा, राजूरच्या बाजारातून आणलेला. तांब्याचा माळ्यावर आहे, लग्नकार्यात काढतात. मी अगदी मनापासून म्हटलं, बरं झालं, डोक्यावरचं ओझं कमी झालं. त्यांना माझं बोलणं नीट कळलं नसावं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"कमी कुठलं? हंड्याचं ओझं गेलं, तेवढं पानी जास्ती बसतं. आधी येकच हंडा यायचा. आता वर कळशी बी येती."

मी तिथे वाटी हातात धरून बसले होते. त्यांनीही तेच केलं होतं जे मी केलं होतं. जड भांडं टाकून हलकं घेतलं होतं, एकदा नाही, दोनदा. फक्त वाचलेल्या वजनाचं त्यांनी पाणी केलं. मी वाचवलेले किलो तसेच हवेत सोडून दिले, पाणीही कमी घेतलं, आणि ते पाणी यांच्या डोक्यावरून माझ्यापर्यंत आलं. माझ्या तक्त्यातल्या शून्याचं वजन कुणीतरी उचललेलं होतं, आदल्या पहाटे, अंधारात.

भरलेल्या हंड्यावर मावशींनी जांभळाची डहाळी तोडून ठेवली, पानं पाण्यावर पसरतील अशी. मी विचारलं हे कशाला. तेव्हा नात म्हणाली, "मंग डचमळत न्हाई." जुन्या पातळाची चुंबळ डोक्यावर, तिच्यावर हंडा, त्यावर छोटी कळशी, आणि चढ. दुसरी कळशी मी घेतली कमरेवर. तिच्यात डहाळी नव्हती. पाऊल पडलं की पाणी हिंदकळून माझ्या कुडतीवर यायचं, आणि प्रत्येक वेळी मी मनात वाटी मोजायची. मावशींच्या हंड्यातून थेंब बाहेर आला नाही. वर पोचेतो फटफटलं होतं. नातीनं बॅटरी काढून, विझवून, माझ्या हातात दिली.

आणि मग जे झालं त्याविषयी अजून माझं मन स्थिर नाही. आम्हाला पुढे पाचनईपर्यंत जायचं होतं, वाटेत मुळा नदीचं पात्र कोरडंठाक. पाणी घेतल्याशिवाय निघणं म्हणजे आदल्या दिवसासारखा भावाचा जीव पुन्हा टांगणीला लावणं. मी काही म्हणायच्या आत मावशींनी पिशवी मागितली. या वेळी त्यांनीच तोंड धरलं, मी बूड धरलं. चार लिटर. सत्तावीस वाट्या. नको म्हणण्याएवढा मला धीर नव्हता, आणि घेताना मान वर करण्याएवढाही नव्हता. निघताना त्यांनी करवंदांचा द्रोण दिला. मिरचीच्या रोपाला खाली ओल दिसत नव्हती, सुकून गेली होती.

हरिश्चंद्रगडावर त्या संध्याकाळी केदारेश्वराच्या गुहेत छातीभर गार पाण्यात उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा एक गोष्ट नीट दिसली. ज्यांनी हे गड राहते केले त्यांनी आधी टाकी खोदली. कातळ फोडून निघालेला दगड तिथेच बांधकामाला वापरला आणि खळग्यात पावसाळा साठवून ठेवला. वर राहणाऱ्याचं पाणी वरच, खालच्या वाडीतल्या डोक्यावरून नाही. माझ्यासारखा हलकं चालणारा माणूस मात्र ओझं नाहीसं करत नाही, बहुतेक वेळा सरकवतो. पंचविशीत हिमाचलात कसोलहून सार पासच्या ट्रेकला गेले होते तेव्हा अर्ध्या वाटेत आमच्या सॅक खेचरांच्या पाठीवर गेल्या आणि आम्ही हात हलवत चाललो. वारीत माउलींच्या मागे माणूस टाळ आणि एक झोळी घेऊन नाचत जातो, आणि दिंडीचे तंबू, भांडी, शिधा ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला पोचलेला असतो. त्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. वारीत तो ट्रक सगळ्यांना दिसतो, त्याची भिशी भरलेली असते, त्याचं नाव घेतात. माझ्या तक्त्यात मावशींचा रकाना नव्हता.

एमा गेटवुडची गोष्ट मी हलक्या सॅकविषयी बोलताना कितीतरी जणांना सांगितली आहे. अकरा मुलांची आई, १९५५ साली ६७ व्या वर्षी अमेरिकेतली अॅपालाचियन ट्रेल एकटी चालून गेली, सुमारे ३,३०० किलोमीटर. पायात कॅनव्हासचे साधे बूट, खांद्याला हातानं शिवलेली डेनिमची पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. मी नेहमी पिशवीपाशी थांबायचे. ती वाटेवरच्या घरांची दारं ठोठवायची, अनोळखी माणसांच्या घरी जेवायची, त्यांच्या ओसरीवर झोपायची, हा अर्धा भाग मला माहीत होता पण सांगावासा वाटला नव्हता. ती पिशवी हलकी होती त्यात त्या घरांचाही वाटा होता. आता सांगते तेव्हा घरांपासून सुरुवात करते. त्यानं एमाचं मोठेपण माझ्या मनात उणावलं नाही. दार ठोठवायला आणि उघडायला, दोन्हीला काहीतरी लागतं.

बाबांचं एक वागणं त्यानंतर वारंवार आठवू लागलं. मी दहा-अकरा वर्षांची होते, कुठल्या गडाखालचं गाव ते आठवत नाही. तेलाचा कॅन भरायला आम्ही एका घरी गेलो. घरच्या आजींनी आडाकडे बोट दाखवलं. बाबांनी पोहरा सोडला, आधी त्यांच्या ओट्यावरच्या दोन घागरी भरून दिल्या, मग आमचा कॅन भरला. मला उन्हाचा कंटाळा आला होता, मी कुरकुर केली, आपला कॅन तर केव्हाच भरला असता. बाबा काही बोलले नाहीत. दोराच्या घासानं त्यांचे तळहात लाल झाले होते, ते त्यांनी ओल्या कॅनला टेकवले होते. या चित्रातला त्यांचा चेहरा मला आठवत नाही, फक्त हात आठवतात.

उन्हाळी ट्रेक मी सोडलेले नाहीत. सोडावेत असंही मला वाटत नाही. हलकी सॅक टाकून पुन्हा अडीच किलोची घ्यावी असं तर मुळीच वाटत नाही. माझ्या गुडघ्याला हलकीच हवी आहे. ओळखीचे काही जण मे महिन्यात वाडीवाडीतून जातात आणि घराघरांत बाटल्या पुढे करतात, बारा-पंधरा जणांचा गट, प्रत्येकी दोन बाटल्या. त्यांना मी आता तोंडावर सांगते की हे चूक आहे. पंधरा जणांच्या तीस बाटल्या म्हणजे दोनशे वाट्या, दोन हंडे, एका घराची एक पहाट. काहींना राग येतो. एकानं विचारलं, मग काय, प्यायचं नाही का? प्यायचं. तहान लागलेल्याला पाणी नाकारणारं घर मी त्या डोंगरात पाहिलेलं नाही, आणि म्हणूनच मागणाऱ्यानं जपून मागायचं असतं. जेवणाचे पैसे द्या, राहण्याचे द्या, त्या घरांना ते हवे आहेत. पाणी आपलं न्या.

यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा त्याच वाटेनं जायचं ठरलं. पाण्याची मऊ पिशवी मी काढून टाकली. त्याऐवजी रेल्वे स्टेशनवर मिळणाऱ्या पाण्याच्या लिटरच्या पाच बाटल्या घेतल्या. रिकामी बाटली जेमतेम तीस ग्रॅमची असते, खाली ठेवली की उभी राहते, आणि तिच्यात पाणी ओतायला दुसऱ्या कुणाची बोटं लागत नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी सगळं भरलं आणि सॅक काट्यावर ठेवली. काट्यानं आकडा दाखवलाच नाही. पाच किलोंच्या वर तो नुसत्या आडव्या रेघा दाखवतो. इतकी वर्षं मी त्याच्यावर सॅक अशी अख्खी कधी ठेवलीच नव्हती, वस्तू सुट्या सुट्या तोलल्या होत्या.

खाली रद्दीवाला आला होता. त्याच्याकडे आकडा लावलेला ताणकाटा असतो, तो मागितला. त्यानं सॅकची कडी आकड्यात अडकवली, काटा डोळ्यासमोर धरला, काटा हलायचा थांबेपर्यंत दोघेही थांबलो.

"नऊ किलो चारशे," तो म्हणाला. "काय आहे ताई यात एवढं?"

"पाणी," मी म्हटलं.